ओव्याचा धूर

१. नाही

भुकूमच्या अलीकडे, पौड रस्त्याला लागून जे मंगल कार्यालय आहे, तिथे एरवी माणसं हरवत नाहीत. चपला हरवतात, फार तर आहेराचं एखादं पाकीट. त्या दिवशी सकाळचे पोहे वाटून झाले आणि सहा वर्षांची एक मुलगी हरवली.

जुईली हॉलमध्ये नाही. नळावर नाही. स्टेजमागे, जिथे मुलं लपाछपी खेळतात, तिथे नाही. स्वयंपाकघरात नाही. औषधांच्या खोलीत नाही. मांडवाच्या बांबूंमागे नाही. पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून पाहिलं. तिथेही नाही.

हे शेवटचं 'नाही' ऐकून गौतमीनं श्वास सोडला, आणि लगेच तिला त्या सुटकेची लाज वाटली. मूल सापडलं नाही म्हणून बरं वाटण्याची ही कसली वेळ!

गौतमी एका संस्थेकडून इथे आली होती आणि छावणीतल्या मुलांची जबाबदारी तिच्यावर होती. छावणी म्हणजे हेच कार्यालय. मुळशी धरणाच्या वरच्या अंगाला वाघमाळ नावाची वाडी होती. श्रावणातल्या झडीत डोंगराचा एक तुकडा तिच्यावर उतरला, आणि वाचलेली सगळी वाडी उचलून इथे आणली. हॉलमध्ये साड्यांचे पडदे लावून संसार मांडले गेले. 'वरपक्ष' अशी पाटी असलेल्या खोलीत औषधं आली. 'वधूपक्ष'मध्ये रेश्मा, कारण छावणीत पाऊल टाकल्या टाकल्याच तिला कळा सुरू झाल्या आणि मुलगा झाला.

जुईलीची आई दोन वर्षांपूर्वीच गेलेली. बाप, शेखर, दरडीखाली सापडला. उरली आजी चंद्राबाई, जिला माणूस आवाजावरून ओळखावा लागतो. आज दुपारी संस्थेची जीप येणार होती. आईबाप नसलेल्या मुलाला पुण्याला समितीपुढे न्यायचं आणि मग त्यानं कुठे राहायचं ते समितीनं ठरवायचं, असा नियम आहे. नियम चांगला आहे. गौतमीनं तो काल वाडीतल्या बायकांना नीट समजावूनही सांगितला होता.

आणि जुईलीला दमा होता. तिचा पंप गौतमीच्या गळ्यातल्या पाऊचमध्ये होता. सकाळचा डोस राहिला होता. गौतमी चालायला लागली की पंप खडखडायचा, थांबली की गप्प बसायचा. त्याचं गप्प बसणं तिला जास्त भिववत होतं.

२. फाटक

छावणीत प्रत्येक मुलाच्या आणि त्याला सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाच्या मनगटावर एकाच रंगाची फीत बांधलेली होती. रंग जुळले तरच फाटक उघडायचं. फाटक एकच, आणि त्यावर कार्यालयाचा म्हातारा रखवालदार भिवाजी.

"भिवाजीकाका, नीट आठवून सांगा. सकाळपासून कोण बाहेर गेलं?"

"आटवायचं काय त्यात? पोरगी गेली न्हाई."

"कोण गेलं, ते विचारतेय."

"दूधवाला गेला सायकलवर. त्यो सूसचा पोरगा पियूष, त्याची गाडी गेली. आन अण्णासायबांची मोटी गाडी गेली, काळ्या काचांची."

"काचांच्या आत पाहिलंत?"

भिवाजी फाटकाची कडी चाचपू लागला.

"काका?"

"त्यो मोटा मानूस. त्यांच्या गाडीत वाकून बघायचं व्हय? कायतरीच बोलताय."

"नियम सगळ्यांना होता."

"ओ ताई, जल्म गेला माजा या फाटकावर. नवरी पळून जाऊ नये म्हून बसवलेला मानूस हाय मी. आजवर एक बी गेली न्हाई."

"आणि गेल्या वर्षीची?" किमयानं मध्येच विचारलं. किमया गौतमीची मदतनीस, भुकूमचीच.

"ती मागच्या भितीवरनं गेली. फाटकातनं न्हाई."

गौतमी मागची भिंत पाहून आली. त्या लग्नानंतर मालकानं भिंतीवर काचा बसवल्या होत्या. सहा वर्षांचं मूल तिथून जाणार नाही, आणि त्याला वरून कुणी उचलून दिलं तर देणाऱ्याचे हात रक्ताळतील. काचांवर शेवाळ होतं. शेवाळावर ओरखडासुद्धा नव्हता.

म्हणजे काळ्या काचा. गौतमीनं आधी पोलीस चौकीवर फोन केला, मग अण्णासाहेबांना.

३. काळ्या काचा

अण्णासाहेबांचं कुठेतरी मुलांचं वसतिगृह होतं. नक्की कुठे, ते ते नीट सांगायचे नाहीत. पांढरे कपडे, हळू आवाज, आणि मागे फोटो काढणारा एक माणूस. काल आले होते, आज पोहे चालू असताना पुन्हा आले. गौतमीनं शिष्टाचार म्हणून त्यांना चहा दिला आणि स्वतःही घेतला.

"अहो गौतमीताई," ते फोनवर म्हणाले, "आत्ताच तर आपण एकत्र चहा घेतला. मी पोरं पळवणारा वाटलो की काय तुम्हाला?"

"गाडी थांबवा, अण्णासाहेब. हवालदार तुमच्या मागेच आहेत. त्यांना आत पाहू द्या, एवढंच."

फोन कट झाला.

पाऊस पत्र्यावर असा कोसळत होता की हॉलमधलं कुणाचं बोलणं कुणाला कळत नव्हतं. गौतमी औषधांच्या खोलीच्या दारात उभी राहून फोनकडे पाहत राहिली. पंप गप्प. तो वाजावा म्हणून ती उगाच दोन पावलं चालली.

फोन आला.

"म्याडम, भूगावच्या पुढं गाडी अडवलीया," हवालदार ओरडून सांगत होता. "पोरगी न्हाई."

"नक्की?"

"समदी गाडी उलटीपालटी केली. पोरगी न्हाई. पन एक पिशवी हाय."

"कसली?"

"नवे कपडे. फ्रॉक हाय, बूट हायेत, दप्तर हाय. वर नाव चिकटवलंय."

"कुणाचं?"

"जुईली."

४. मागाहून

"हो, नेणारच होतो," अण्णासाहेब हवालदाराच्या फोनवरून म्हणाले. आवाज अजून हळूच होता. "म्हातारीला दिसत नाही, ती काय सांभाळणार? तुमची समिती तारखा देत बसणार. आपत्तीत कागद मागाहून होतात, ताई. आधी मूल उचलायचं."

"कुणाला विचारून?"

"भल्याचं काम विचारून करतात का?"

"मग नेलं का नाही?"

"सापडली असती तर नेलीच असती. चहा झाल्यावर मी स्वतः हॉलभर फिरलो. ती नव्हती. मुलं म्हणाली, आत्ता तर इथेच होती."

गौतमीनं फोन ठेवला. हा माणूस खोटं बोलत असेल तर फारच विचित्र खोटं बोलत होता, कारण त्यानं स्वतःवरचा अर्धा गुन्हा कबूल केला होता. आणि तो खरं बोलत असेल, तर जुईली त्याची गाडी फाटकातून बाहेर पडण्याआधीच नाहीशी झाली होती.

हवालदारानं गाडी चौकीकडे वळवली. गौतमीनं दुसरा नंबर लावला.

५. पियूष, एका दमात

"मॅडम, मी लगेच रिटर्न आलो ना, तुमचा फोन आल्या आल्या. हे बघा डिकी, हे बघा सीट्स. ब्लँकेट्स आहेत, सोसायटीतून कलेक्ट केलेली. सकाळी केळी दिली मुलांना, ती पण मीच आणली, विचारा कुणालाही. मी कशाला नेईन तिला? मला ती आवडते, ओके? फार स्वीट आहे. म्हणून तर काल ग्रुपवर तिचा फोटो टाकला, स्टोरीसकट. काय रिस्पॉन्स आला माहितीये? दोन फॅमिलीज विचारतायत की अडॉप्ट करता येईल का. मी म्हटलं, या ना प्रत्यक्ष, बघून जा. हो, पत्ता दिला. म्हणजे लोकेशन शेअर केलं. का? मॅडम, असं काय बघताय? मी काही चुकीचं केलं का?"

गौतमीनं त्याला फोटो काढून टाकायला लावला. मग ग्रुपमधल्या किती जणांनी तो पुढे पाठवला, ते विचारलं. पियूष खाली बसला, ब्लँकेटांच्या ढिगावरच, आणि त्याला पहिल्यांदा भीती वाटलेली दिसली. पण त्याच्या गाडीची काच साधी होती, आणि भिवाजीनं ती फाटकावर खाली करून घेतली होती. आत ब्लँकेटं होती, मूल नव्हतं.

६. आजी

चंद्राबाई हॉलच्या कोपऱ्यात, साडीच्या पडद्याआड बसली होती. समोर पोह्यांची ताटली तशीच.

"आजी, मी गौतमी."

"वळखलं. गाडी गेली का?"

"अण्णासाहेबांची? गेली. त्यात जुईली नव्हती."

म्हातारीनं मान हलवली. 'मग कुटं हाय माजी पोर' असं ती विचारेल म्हणून गौतमी थांबली. चंद्राबाईनं विचारलं नाही.

"आजी, तिला शेवटचं कुणी पाहिलं?"

"मला कुटं दिसतंय, बाय."

"तुम्हाला काळजी नाही वाटत?"

"काळजी?" चंद्राबाईनं ताटली बाजूला सारली. "माज्या पोराला मातीतनं काडलं त्या दिसापास्नं दुसरं काय करतीया मी?" मग जरा वेळानं, हळूच: "आन दुसरी गाडी? जीप का काय ती?"

"ती यायचीय. दुपारी."

"आं." म्हातारीनं पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. 

७. उंबरा

एकच खोली राहिली होती.

'वधूपक्ष'च्या दारात गंगूबाई पाय पसरून बसली होती. वाघमाळची सुईण. वाडीतलं अर्धं माणूस तिच्या हातावर जन्मलेलं, त्यामुळे अर्ध्या वाडीला ती अरेतुरेच करायची. मांडीवर भाकरी, भाकरीवर लसणाची चटणी.

"गंगूबाई, आत बघायचंय."

"बघा की. पन हितनंच."

"का?"

"आज पाचवी हाय बाळाची. सांजच्याला पूजा झाल्याबिगर बाहेरचा पाय आत न्हाई."

"मी बाईच आहे, गंगूबाई."

"बाई हायसा, पन रस्त्यावरनं, पावसापान्यातनं फिरल्याली. बाळावर वारं येतं. तुमच्यात नसंल मानत."

लोकांच्या रीतींचा मान ठेवायचा, हे गौतमीला प्रशिक्षणात शिकवलं होतं आणि ते तिला मनापासून पटलेलंही होतं. ती उंबऱ्याबाहेरून वाकली. खोलीत ओव्याचा आणि बाळंतशेपांचा दाट धूर भरला होता. डोळे चुरचुरले. दाराशीच लावलेल्या खाटेवर रेश्मा, कान बांधलेली. तिच्या कुशीत दुपट्यातलं बाळ. खाटेखाली शेकाची शेगडी, बाकी काही नाही. भिंतीशी लग्नाच्या गाद्यांची थप्पी, छतापर्यंत. आरशाच्या कडेला अजून कुठल्यातरी नवरीची टिकली चिकटलेली.

"रेश्मा, जुईली आली होती का गं इकडे?"

रेश्मानं तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. आणि तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

बारीक, कोरडा खोकला. रेश्मानं चटकन पदर तोंडाला लावला. गंगूबाईनं न उठता हात लांबवून शेगडीवर ओव्याची चिमूट टाकली. तडतड झाली आणि धुराचा नवा लोट उठला.

"धुरीनं खोकला येतोच," ती म्हणाली. "येऊ द्यावा. छाती मोकळी व्हती."

गौतमी वळली. त्या दिवशी तिनं केलेली ही सगळ्यात मोठी चूक, आणि ती तिनं अतिशय सभ्यपणे केली.

८. ताटली

जेवणाची वेळ होत आली. जीप निघाल्याचा फोन येऊन गेला. आवारातल्या विहिरीत माणूस उतरवायचा का, असं हवालदारानं फोनवरून विचारलं. गौतमीनं 'थांबा जरा' म्हणून फोन ठेवला.

किमया बाळंतिणीची ताटली घेऊन आली.

"ताई, रेश्मानं काही खाल्लंच नाही बघा. भाकरी तशीच, खीर तशीच. फक्त हे तेवढं."

ताटलीच्या कडेला केळ्याची साल होती. घडी करून भाकरीखाली सारलेली.

गौतमी त्या सालीकडे पाहत राहिली. तिच्या स्वतःच्या बाळंतपणात आईनं तिला केळं दिसू दिलं नव्हतं. थंड असतं, बाळाला सर्दी होते. शेजारीण फळांची करंडी घेऊन आली, तर आईनं केळी काढून घेऊन बाकीची करंडी आत येऊ दिली होती. आणि ते तर पुण्यात, नळावर गरम पाणी असलेल्या घरात. वाघमाळच्या गंगूबाईच्या राज्यात, पाचव्या दिवशी, बाळंतीण केळं खाईल?

९. फक्त प्रश्न

फाटकातून गेली नाही, भिंतीवरून गेली नाही, तर ती बाहेर आहेच कशावरून?

आज केळी कुणाला वाटली? मुलांनाच ना?

चार दिवसांचं बाळ केळं खातं का?

चंद्राबाईनं एकदाही 'सापडली का' असं का विचारलं नाही? 'गाडी गेली का' हेच का?

बाळंतिणीची धुरी अंघोळीनंतर थोडा वेळ देतात. आज सकाळपासून शेगडी एकदाही का विझली नाही?

कुणाच्या खोकल्याला झाकायला एवढा धूर लागतो?

आणि दमा असलेल्या मुलीला त्या धुरात बसवलं तर ती किती वेळ

१०. आत

गौतमी धावत होती. पाऊचमधला पंप छातीवर आपटत होता.

गंगूबाई अजून उंबऱ्यातच होती. "सांगितलं न्हवं, पाचवी..."

"केळं कुणी खाल्लं?"

"मी. उपास हाय माजा."

"मघाशी तुम्ही लसणाची चटणी आणि भाकरी खात होता."

 गंगूबाई उठली आणि दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. बारीक चणीची बाई, पण दार भरल्यासारखं झालं.

"गंगूबाई, तिला धूर चालत नाही. तिचा श्वास कोंडतो."

"मला नगा शिकवू. ओव्यानं छाती सुटती. ती नळी मारून मारूनच पोरीची छाती ढिली पडलीया. तुमी जावा हितनं."

"दार सोडा."

"न्हाई सोडत. काय करनार हायसा? पोलिसाला बोलवनार? बोलवा!"

त्या बाचाबाचीत खाटेवरून रेश्माचा आवाज आला. फुटलेला, पार रडवेला. "मावशे, येऊ दे त्यास्नी आत. मघाधरनं पोर बोलतच न्हाई."

गंगूबाईचे हात चौकटीवरून खाली आले.

ओल्या पायांनी गौतमी आत गेली. किमयानं शेगडी उचलून बाहेर नेली, खिडकी उघडली. वरची गादी ओढली, दुसरी ओढली, तिसरी अंगावर आली. थप्पी आणि भिंत यांच्यात हातभर जागा होती. तिथे जुईली गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. खांदे वरखाली होत होते. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता, अगदी बारीक. ओठ जांभळट.

गौतमीनं तिला उचलून खिडकीशी आणलं, ताठ बसवलं, पंप हलवला, तिच्या तोंडात दिला. "ओढ. ओढ, बाळा. आता धर. पुन्हा."

पहिल्यांदा काहीच आत गेलं नाही. औषध ओठांवरून बाहेर आलं.

"पुन्हा."

दुसऱ्यांदा थोडं गेलं.

खोलीत कुणी हलत नव्हतं.  चंद्राबाई भिंत चाचपत दारापर्यंत आली होती आणि नुसतीच विचारत होती, "काय झालं? काय झालं गं? कुनीतरी सांगा मला."

११. चहा

पंपानं शिट्टी जरा खाली आली. डॉक्टर फोनवर म्हणाले, वाट बघू नका, घेऊन या, ऑक्सिजन लावावा लागेल. जीप कार्यालयाच्या वळणावर आली होती.

मधल्या त्या थोड्या वेळात गंगूबाई बोलली. गौतमीकडे न पाहता, खाली पडलेल्या गाद्यांकडे पाहून.

"काल त्यो पांढऱ्या कापडाचा आला. पोरींच्या हनुवट्या वर करून करून फोटू काडले. हिचा काडला आन संगतीच्याला म्हनला, ही चालंल. बैल बगावा तसं. मी हुबी व्हते तितं."

"मला सांगितलं का नाही?"

"तुमास्नी?" गंगूबाईनं आता तिच्याकडे पाहिलं. "काल तुमीच सांगितलं, उद्या गाडी येनार, पोरीला पुन्याला न्यायाचं. आन आज सकाळी गाडी आली. त्याचीच आली. आन तुमी त्याच्यासंगं चा पीत बसला, हसून हसून. आमी काय समजायचं?"

गौतमीनं तोंड उघडलं. त्याची गाडी वेगळी, आमची वेगळी. त्याच्याकडे कागद नाहीत, आमच्याकडे आहेत. सगळं खरं होतं, आणि फाटकाच्या आतून पाहणाऱ्या कुणाही माणसाला दोन्ही गाड्या सारख्याच दिसल्या असत्या.

"तुम्ही लपवलं नसतं तर त्यानं नेलं असतं तिला," ती म्हणाली. "पिशवी भरून आणली होती. नाव घालून."

 रेश्मा रडत होती.

"आन म्या धुरी घातली," गंगूबाई म्हणाली. "पोर खोकाय लागली तशी आनखी घातली."

"हो."

"मरती का काय मग ती?"

"मरू नये म्हणून तर निघायचंय. लगेच."

१२. जीप

जीप पोर्चमध्ये लागली, आणि हॉलमधल्या सगळ्या बायका उठून तिच्याभोवती उभ्या राहिल्या. कुणी ओरडलं नाही, कुणी अडवलं नाही. नुसत्या उभ्या. जीपचा ड्रायव्हर मनीष, मूळचा लातूरचा, घाबरून खाली उतरला.

जुईली गौतमीच्या कडेवर होती, डोकं तिच्या खांद्यावर घट्ट टेकलेलं. गौतमीला वाटलं, आता सांगावं की पौडला नेतोय, जवळच, वाडीच्याच वाटेवर. बायका बाजूला होतील. मग मनीष गाडी पुण्याकडे वळवेल.

"आम्ही पुण्याच्या बाजूला चाललोय," ती मोठ्यानं म्हणाली. "दवाखाना तिकडे आहे. तिथे ऑक्सिजन आहे. समितीपुढे आज कुणालाही न्यायचं नाही. समितीच्या बाईंना मी फोन करतेय, त्यांनाच इथे यायला सांगतेय. आजीशी बोलल्याशिवाय काही ठरणार नाही. आता मला सांगा, गाडीत कोण कोण बसतंय?"

सगळ्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. मग चंद्राबाईनं हात पुढे केला, आणि कुणीतरी तिला धरून पुढच्या सीटवर बसवलं. गंगूबाई मागे चढली, लुगडं सावरत. बसल्या बसल्या तिनं दोन्ही हात पसरले. "द्या हिकडं. ताट बसवती मी तिला."

गौतमीनं मुलगी तिच्याकडे दिली. पंप हातात दिला. कधी दाबायचा, कसा धरायचा, किती वेळ थांबायचं, सगळं दाखवलं. गंगूबाईनं एकदा करून दाखवलं. चुकलं. दुसऱ्यांदा बरोबर.

तेवढ्यात आणखी तिघी आत शिरल्या. त्यांच्या मागून एक. गाडी भरली.

"आणि मी?" गौतमी म्हणाली.

"तुमी मागनं या," गंगूबाई म्हणाली. "का? आमच्यावर इस्वास न्हाई?"

मनीषनं गौतमीकडे पाहिलं. एक क्षण तिला सगळ्या जणींना खाली उतरवावंसं वाटलं. तिच्याकडे तो अधिकार होता. मुलीच्या छातीतली शिट्टी गाडीबाहेरही ऐकू येत होती, आणि एक एक बाई उतरवण्यात वेळ गेला असता.

"जा," ती म्हणाली. "पळव गाडी."

१३. मागून

भिवाजीची स्कूटर जुनी होती आणि तिचा हॉर्न सोडून सगळं वाजत होतं. फाटकावर किमया बसली. मागच्या सीटवर गौतमी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी. पाऊस तोंडावर सुयांसारखा टोचत होता. पुढे जीप एका डंपरमागे अडकली, मग सुटली, मग दिसेनाशी झाली.

"काका, जरा वेगानं."

"हीच येग हाय तिचा. खाली उतरून ढकलता काय?"

भूगावच्या गर्दीत जीप पुन्हा दिसली, दोन टेंपोंच्या पुढे. काच धुक्यानं पांढरी. आत काय चाललंय, कळायला मार्ग नव्हता. काचेवर सगळ्या बायकांच्या सावल्या एकदम पुढे वाकल्या.

फोन थरथरला. मनीषचा नंबर.

"हॅलो? मनीष? काय झालं?"

"मी हाय, गंगूबाई." मागून गाडीचा घरघराट, बायकांचा कालवा. "गप बसा गं जरा! ताई, ती नळी आनखी एकदा दाबली. चालंल का?"

"चालेल. श्वास कसा आहे तिचा? ओठांचा रंग कसा आहे?"

"मला काय सांगता यायचं न्हाई. माजं आता मलाच खरं वाटंना. तुमीच ऐका."

फोन कशावर तरी टेकला. कापडावर घासल्याचा आवाज आला, मग कापडही बाजूला झालं.

गौतमीनं दुसरा कान हातानं दाबून धरला. भिवाजीला म्हणाली, काका, आता बोलू नका. पाऊस होता, डंपर होते, स्कूटरचा सांगाडा खडखडत होता. त्या सगळ्याच्या तळाशी, फार लांबून, छातीतला आवाज येत होता. शिट्टी. थांबली. पुन्हा शिट्टी. मग एक लांब, खरखरीत, पण आत गेलेला श्वास. आणखी एक.

टेंपो बाजूला झाले. स्कूटर जीपच्या मागे लागली. मागच्या काचेवर आतून कुणीतरी हातानं धुकं पुसलं. त्या पुसलेल्या गोलात गंगूबाईचं तोंड दिसलं, आणि तिच्या हनुवटीखाली एक लहान तोंड.

फोनमध्ये कुजबुज झाली. मग तुटक, दम घेत घेत, सकाळपासून कुणीही न ऐकलेला आवाज आला.

"ताई... तुमी लई भिजलाय."

"हो गं," गौतमी म्हणाली. "बोलू नकोस. नुसता श्वास घे. मी ऐकतेय."